फोर्कमधले निवडक बदलच मूळ प्रोजेक्टला पाठवायचे, तर वेगळी ब्रँच कशी काढायची

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची एक छोटी वेबसाइट आहे, ती मी सांभाळते. पेणजवळच्या सांकशी किल्ल्याचं पान टाकलं तेव्हा त्यात तीन मथळे होते, पुणे, पेण आणि पाणी. म्हणजे पुण्याहून कसं यायचं, पेणहून कसं यायचं आणि वर गेल्यावर टाक्यांचं पाणी कुठे आहे. आता गंमत नाही, खरंच त्रास होता, कारण वरच्या अनुक्रमणिकेत ‘पाणी’वर क्लिक केलं की पान ‘पुणे’वर जायचं, ‘पेण’वर क्लिक केलं तरी पुणेच. शोधत गेले तेव्हा कळलं की आम्ही वापरतो ती थीम मथळ्यावरून लिंकचा पत्ता बनवताना युनिकोडच्या ‘अक्षर’ आणि ‘अंक’ ह्या दोनच वर्गांतली चिन्हं ठेवते आणि बाकीचं पुसून टाकते, आणि युनिकोडमध्ये आपले काना, मात्रा, वेलांट्या, उकार, हलन्त हे ‘अक्षर’ वर्गात नाहीतच, त्यांचा वर्ग वेगळा आहे, ‘मार्क’. मग काय, पुणे, पेण, पाणी तिन्हींचं ‘पण’ व्हायचं. मराठीचं ‘मरठ’ आणि क्षेत्रचं ‘कषतर’.

दुरुस्ती एका ओळीची होती, त्या नियमात ‘मार्क’ हा वर्ग जोडायचा, बस. आमच्या कॉपीत मी ती केली आणि साइट नीट चालू लागली. पण ही अडचण फक्त आमची नाही ना, हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड, ज्या ज्या लिपीत स्वरचिन्हं अक्षराला चिकटतात त्या सगळ्यांना हा बग चावणार. त्यामुळे दुरुस्ती मूळ प्रोजेक्टला, म्हणजे ती थीम बनवणाऱ्यांकडे, जायला हवी होती. आणि ती पाठवताना मी जी चूक केली तीच बहुतेक जण पहिल्यांदा करतात, म्हणून हा लेख.

आधी एक, ह्या लेखात कमांड मी बोलताना म्हणते तशाच देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच त्या इंग्रजीत टाइप करायच्या.

गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आणि गिटहब म्हणजे असे प्रोजेक्ट ठेवायची साइट. आता फोर्क म्हणजे काय हे थोडक्यात. मूळ प्रोजेक्टची तुमच्या गिटहबच्या खात्यात काढलेली पूर्ण कॉपी, जिच्यात तुम्हाला हवं ते करता येतं. मूळ प्रोजेक्टला ‘अपस्ट्रीम’ म्हणतात, नदीच्या वरच्या अंगाला असतो तसा. तुमची कॉपी म्हणजे ‘ओरिजिन’. तिथून तुम्ही बदल सुचवता त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात, सगळे पीआरच म्हणतात.

माझ्या फोर्कच्या मेन ब्रँचवर तेव्हा माझे अकरा कमिट (नोंदवलेले बदल, नीट पुढे सांगते) होते. त्यात काय काय होतं बघा, नोटो सान्स देवनागरी फाँट, आमचा लोगो, रंग, व्हिजिटर मोजायचा आमचा आयडी, तळटीपेत ग्रुपची माहिती, मेनूचं मराठी भाषांतर, मग त्या भाषांतरातल्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या, आणि रात्री उशिरा केलेला एक कमिट, ज्याचं नाव मी नुसतंच ‘सुधारणा’ ठेवलं होतं आणि ज्यात ही मात्रांची दुरुस्ती, फाँटची फाइल आणि ओळींमधलं अंतर असं तिन्ही एकत्र होतं. मी सरळ मेनवरून पीआर उघडला. वर्णनात छान लिहिलं की देवनागरीच्या लिंक तुटतात, ही त्याची दुरुस्ती. पण पीआरमध्ये गेलं सगळं. आमचा लोगोसुद्धा.

मेंटेनरने, म्हणजे मूळ प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, शांतपणे कळवलं की दुरुस्ती हवी आहे, बाकीचं नको, तेवढंच वेगळं पाठवशील का. मी पीआरच्या पानावर बराच वेळ शोधत बसले की ह्यातले कमिट निवडायचं बटण कुठे आहे. ते नाही. आणि ते का नाही हे समजलं की बाकीचं सगळं आपोआप समजतं, म्हणून इथे जरा थांबू.

कमिट म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींचा फोटो, आणि त्यासोबत ‘माझ्या आधीचा कमिट कोण’ ह्याची नोंद. वंशावळीत प्रत्येकाला आपला बाप माहीत असतो तसं. आणि ब्रँच? ब्रँच म्हणजे फोल्डर नाही, कॉपी नाही, ब्रँच म्हणजे एका कमिटकडे दाखवणारं बोट. साधारणपणे डॉट गिट फोल्डरच्या आत ती एक इवलीशी फाइल असते, तिच्यात त्या कमिटचा चाळीस अक्षरी हॅश (गिटने त्याला दिलेली खूण) आणि पुढे एक एंटर, एकूण 41 बाइट. म्हणून ब्रँच काढणं गिटमध्ये जवळजवळ फुकट आहे, दहा काढा नाहीतर पन्नास.

आता पीआर म्हणजे ‘माझी ही ब्रँच तुमच्या त्या ब्रँचमध्ये घ्या’ असं सांगणं. तुम्ही धाकट्या नातवाकडे बोट दाखवता, पण त्याच्यामागे बाप, आजोबा, पणजोबा सगळे येतात, जिथे तुमचं आणि अपस्ट्रीमचं घराणं एकत्र होतं तिथपर्यंत. मधल्या एखाद्याला वगळून धाकट्याला तेवढं पाठवता येत नाही. म्हणजे पीआरमध्ये काय जाणार हे पीआरच्या पानावर ठरतच नाही, ते ब्रँच कुठून फुटली आणि तिच्यावर काय आहे ह्यावरून आधीच ठरलेलं असतं. निवडक बदल पाठवायचेत? मग अशी ब्रँच बनवा जिच्यावर तेवढेच बदल आहेत. अपस्ट्रीमच्या ताज्या टोकावरून फुटलेली, एकाच कामाची.

मेंटेनर ह्यासाठी एवढे आग्रही का असतात हे पण सांगते, कारण नवीन माणसाला ती नाटकं वाटतात आणि तशी ती नाहीत. गिट लिनस टॉरवाल्ड्सने एप्रिल 2005 मध्ये लिनक्स कर्नलसाठीच लिहायला घेतलं आणि कर्नलला पॅच (म्हणजे बदल) पाठवायच्या नियमांत आजही स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक स्वतंत्र बदल स्वतंत्र पॅचमध्ये द्या. उद्या तुमच्या बदलामुळे काही मोडलं तर तेवढाच एक उलटवता यायला हवा, आणि कुठल्या कमिटपासून बिघडलं हे बायसेक्टने (इतिहास अर्धा-अर्धा करत शोधणारी गिटची कमांड) शोधताना तिथे एकच गोष्ट हाती लागायला हवी. वीस फाइलींचा गठ्ठा वाचायला मेंटेनरला रविवारची अख्खी दुपार लागते आणि एका ओळीचा बदल तो चहा पिता पिता वाचतो. फुकटात काम करणाऱ्या माणसाच्या वेळेचा हा प्रश्न आहे, मला तरी तो महत्त्वाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष. तुमच्या लोकल रिपोला (तुमच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोजेक्टच्या कॉपीला) फोर्क माहीत असतो, पण मूळ प्रोजेक्ट कुठे आहे हे बऱ्याचदा माहीत नसतं, ते एकदाच सांगायचं:

गिट रिमोट अ‍ॅड अपस्ट्रीम (पुढे मूळ रिपोचा पत्ता)

गिट फेच अपस्ट्रीम

फेच केल्याने तुमच्या फाइलींना काहीही होत नाही, फक्त तिकडचं ताजं चित्र तुमच्याकडे येतं, त्यामुळे बिनधास्त करा. आणि मूळ ब्रँचचं नाव बघून घ्या. गिटहबवर ऑक्टोबर 2020 पासून नव्या रिपोंची मुख्य ब्रँच ‘मेन’ नावाने बनते, पण जुने प्रोजेक्ट बरेच अजून ‘मास्टर’वर आहेत. मी इथे मेन धरून चालते.

मग आपल्याकडे जास्तीचं काय आहे ते बघायचं:

गिट लॉग --वनलाइन अपस्ट्रीम/मेन..मेन

मधली दोन टिंबं महत्त्वाची आहेत. अर्थ असा, की जे माझ्या मेनवर आहे पण अपस्ट्रीमच्या मेनवर नाही तेवढंच दाखव. माझे अकरा कमिट ओळीने समोर आले, सगळ्यात नवीन वर. ही यादी कागदावर उतरवा नाहीतर नुसती डोळ्यांखालून घाला, पण प्रत्येकापुढे ठरवा, हे माझ्या घरचं की सगळ्यांच्या उपयोगाचं. फाँट, लोगो, रंग, आयडी हे घरचं. भाषांतर सगळ्यांचं. ‘सुधारणा’ अर्धा घरचा, अर्धा सगळ्यांचा.

सोपं आधी घेऊ, भाषांतर. नवी ब्रँच काढायची:

गिट स्विच --नो-ट्रॅक -सी मराठी-भाषांतर अपस्ट्रीम/मेन

शेवटचा शब्द विसरू नका. तो नाही दिला तर ब्रँच तुम्ही आत्ता जिथे उभे आहात तिथूनच फुटते, म्हणजे तुमच्या स्वतःच्या मेनवरून, आणि अकराच्या अकरा पुन्हा मागे येतात. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, ब्रँच वेगळी काढली तरी सगळं कसं गेलं म्हणून डोकं धरून बसतात. स्विच ही कमांड 2019 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 2.23 पासून आहे, त्याआधीचं गिट असेल तर चेकआउट -बी ने तेच होतं. आणि नो-ट्रॅक कशाला, तर तो नसेल तर गिट तुमच्या नव्या ब्रँचची जोडी परस्पर अपस्ट्रीमच्या मेनशी लावतं आणि नंतर नुसतं गिट पुश (आपले कमिट गिटहबवर चढवणं) केलं की नावं जुळत नाहीत म्हणून एरर देतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण पहिल्या वेळी गोंधळ उडतो.

ब्रँच काढल्याबरोबर फाइली बघितल्यात तर आपला फाँट, रंग, लोगो सगळं गायब दिसेल. धस्स होतं. काही गेलेलं नसतं, ते मेनवर सुखरूप आहे, गिट स्विच मेन केलं की परत दिसतं. आपण आत्ता मूळ प्रोजेक्टच्या अंगणात उभे आहोत एवढंच.

आता हवे ते कमिट इथे आणायचे, त्याला चेरी-पिक म्हणतात:

गिट चेरी-पिक (जुन्या कमिटचा हॅश) (नव्या कमिटचा हॅश)

लॉगमध्ये नवीन वर दिसतो, पण आणताना आधी जुना द्यायचा, क्रम उलटा, कारण शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या लागणार तरी कशावर, आधी भाषांतराची फाइल असायला हवी ना. चेरी-पिक जुना कमिट हलवत नाही, त्यातला बदल घेऊन इथे नवा कमिट बनवतो. बाप बदलला म्हणून हॅशही नवा. हे लक्षात ठेवा, शेवटी ह्याचा संबंध येणार आहे. ह्या कमांडला -एक्स लावला की संदेशात मूळ हॅशची नोंद होते, पण आपल्या खाजगी ब्रँचवरच्या हॅशचा बाहेरच्याला काही उपयोग नाही, तेव्हा इथे लावू नका.

मग गिट पुश -यू ओरिजिन मराठी-भाषांतर, आणि पीआर उघडायचा. दोन कमिट, एक फाइल. झालं.

आता तो ‘सुधारणा’. त्याच्यात तीन गोष्टी एकत्र, तेव्हा आख्खा चेरी-पिक केला तर फाँटही येणार. इथे एक दुसरी वाट आहे आणि मला ती फार आवडते. पुन्हा अपस्ट्रीम/मेनवरून ‘स्लग-मात्रा’ नावाची (स्लग म्हणजे मथळ्यावरून बनणारा लिंकचा पत्ता) ब्रँच काढली (भाषांतराच्या ब्रँचवरून नाही, दोघींचा एकमेकींशी संबंध नको) आणि चेरी-पिकला -एन लावला. त्याने बदल फाइलींत येतात पण कमिट होत नाही. मग नुसतं गिट रीसेट, म्हणजे सगळं स्टेजवरून (पुढच्या कमिटसाठी निवडलेल्या बदलांतून) खाली उतरतं, फाइलींत मात्र राहतं. आणि मग:

गिट अ‍ॅड -पी

ही कमांड एकेक तुकडा दाखवते आणि विचारते, हा घ्यायचा? हो असेल तर वाय, नको तर एन, तुकडा मोठा असला तर एस दाबून अजून फोडायचा. मात्रांच्या ओळीला वाय, ओळींमधल्या अंतराला एन. कमिट करायचं, ह्यावेळी नाव नीट द्यायचं, ‘लिंक बनवताना मात्रा आणि इतर जोडचिन्हं जपा’ अशा अर्थाचं. उरलेले नको असलेले बदल गिट रिस्टोअर आणि पुढे टिंब देऊन पुसायचे. एक खाच आहे, फाँटची फाइल मूळ प्रोजेक्टमध्ये नव्हतीच त्यामुळे ती रिस्टोअरने जात नाही, अनट्रॅक्ड (गिटच्या नोंदीत नसलेली) म्हणून पडून राहते, ती हाताने डिलीट करायची. गिट स्टेटस बघा म्हणजे दिसेल.

काही जण ह्याऐवजी मेनवरची आख्खी फाइलच उचलून आणतात, गिट रिस्टोअर --सोर्स मेन करून. फाइल फक्त तुम्हीच बनवलेली असेल तर ठीक, पण फाइल मूळ प्रोजेक्टची असेल तर जपून, कारण तुमच्या मेननंतर अपस्ट्रीममध्ये त्या फाइलीत झालेलं काम तुम्ही नकळत पुसून टाकता आणि तुमच्या पीआरमध्ये ते ‘काढलं’ म्हणून दिसतं.

ह्यानंतरची पायरी लोक गाळतात, मी पण गाळली असती. त्या स्वच्छ ब्रँचवर प्रोजेक्ट चालवून बघा. तुमच्या मेनवर दुरुस्ती चालत होती म्हणजे इथे चालेलच असं नाही, कदाचित ती तुमच्याच दुसऱ्या एखाद्या कमिटवर टेकून उभी असेल. माझी चालली, पण तपासताना लक्षात आलं की मेनवर मी हे फक्त सांकशीच्या पानावर बघितलं होतं आणि ते पान तर मूळ प्रोजेक्टमध्ये नाहीच. मग ह्याच ब्रँचवर एक छोटी टेस्ट लिहिली, पुणे, पेण आणि पाणी ह्या तिघांचे पत्ते वेगवेगळे आले पाहिजेत. मेंटेनरला मराठी येत नाही, पण तीन पत्ते वेगळे आहेत की नाहीत हे कुणालाही कळतं. देवनागरीसाठी काहीही पाठवत असाल तर अशी टेस्ट जरूर द्या, म्हणजे पुढे कुणी तो नियम बदलला तर मात्रा परत उडण्याआधी टेस्ट ओरडेल.

पाठवायच्या आधी शेवटचं, गिट लॉग अपस्ट्रीम/मेन..स्लग-मात्रा आणि गिट डिफ अपस्ट्रीम/मेन...स्लग-मात्रा (डिफला तीन टिंबं). इथे जे दिसतं तेच मेंटेनरला दिसणार. अनोळखी माणसाच्या नजरेने वाचा. आयडी, पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता असलं काही शिरलं असेल तर आत्ताच काढा, पब्लिक फोर्कवर एकदा पुश झालं की नंतर डिलीट केलं तरी ते खाजगी राहिलं असं धरता येत नाही, पासवर्ड असेल तर तो सरळ बदलूनच टाकायचा.

पीआर उघडल्यावरही तो ब्रँचला बांधलेलाच असतो. मेंटेनरने काही बदल सुचवले तर त्याच ब्रँचवर कमिट करून पुश करा, पीआर आपोआप ताजा होतो, नवा उघडायचा नसतो. आणि ह्याच कारणाने पीआर चालू असेपर्यंत त्या ब्रँचवर दुसरं कुठलंही काम करायचं नाही, नाहीतर तेही आत शिरतं. रीबेस (आपले कमिट उचलून दुसऱ्या टोकावर पुन्हा लावणं) केला असेल तर पुशला --फोर्स-विथ-लीज लावा, नुसता फोर्स नको, म्हणजे मध्येच मेंटेनरने तुमच्या ब्रँचवर काही टाकलं असेल तर ते चिरडलं जाणार नाही. फक्त पुशच्या अगदी आधी फेच करू नका, केलात तर त्याचं नवं काम तुमच्याकडे ‘माहीत आहे’ असं नोंदलं जातं आणि हे संरक्षण तिथेच संपतं.

दोन बदल खरोखरच एकमेकांवर अवलंबून असतील तर? मग दुसरी ब्रँच पहिलीवरून काढा आणि पीआरमध्ये स्पष्ट लिहा की आधी तो घ्या मग हा. पहिला मर्ज झाला (तिकडे घेतला गेला) की गिट रीबेस --ओन्टू अपस्ट्रीम/मेन, पुढे पहिलीचं नाव, पुढे दुसरीचं, असं करून दुसरीला तिच्या जुन्या मुळावरून उचलून नव्यावर बसवता येतं. पण जमेल तोवर हे टाळा, स्वतंत्र ठेवता येत असेल तर स्वतंत्रच ठेवा, एक अडकला तरी दुसरा पुढे जातो.

माझं आता ठाम मत झालंय की फोर्क काढल्या दिवसापासूनच मेनला हात लावू नये. मेन म्हणजे अपस्ट्रीमचा आरसा, आणि आपलं घरचं सगळं ‘आमची-साइट’ अशा वेगळ्या ब्रँचवर, साइट तिथूनच चालवायची. मग गिटहबवरचं ‘सिंक फोर्क’ बटण बिनघोर दाबता येतं. मेनवर स्वतःचे कमिट असताना तेच बटण कधीकधी ते कमिट ‘डिस्कार्ड’ करण्याचा पर्याय दाखवतं, आणि तो दाबला की फोर्कच्या त्या ब्रँचवरून तुमचे कमिट जातात. घाईत दाबू नका.

माझे दोन्ही पीआर घेतले गेले. भाषांतराचा स्क्वॉश मर्ज झाला, म्हणजे माझे दोन कमिट मिळून तिकडे एकच झाला. गिटहबवरची ती ब्रँच डिलीट केली, गिट फेच --प्रून ओरिजिन केलं, मग इकडे गिट ब्रँच -डी (लहान डी) ने ब्रँच पुसायला गेले तर गिट म्हणालं ही पूर्ण मर्ज झालेली नाही, कारण तिकडचा कमिट नवा, हॅश नवा, माझे दोन त्याला तिकडे सापडत नाहीत. बदल तिकडे पोचलाय ह्याची खात्री करून मोठ्या डी ने पुसली.

मग राहिलं माझं मेन. फेच केलं आणि गिट रीबेस अपस्ट्रीम/मेन. भाषांतराच्या पहिल्या कमिटवर कॉन्फ्लिक्ट आला (दोन्हीकडचं वेगळं, कुठलं ठेवायचं हे गिटला ठरवता येईना), साहजिक होतं, तीच फाइल तिकडे सुधारलेल्या रूपात आधीच हजर होती. तिकडची बरोबर होती म्हणून गिट रीबेस --स्किप. दुसरा, शुद्धलेखनाचा, लावल्यावर काहीच बदल उरला नाही म्हणून गिटने तो आपणहून सोडून दिला. (कॉन्फ्लिक्टमध्ये गिट दोन बाजूंना ‘अवर्स’ आणि ‘दीअर्स’ म्हणतं, पण रीबेसमध्ये ‘अवर्स’ म्हणजे अपस्ट्रीम आणि ‘दीअर्स’ म्हणजे तुमचे कमिट, नावं उलटी वाटतात, तिथे फसू नका.) आणि ‘सुधारणा’ मात्र न अडखळता पुढे गेला, कारण मात्रांची ओळ दोन्हीकडे अक्षरशः सारखीच होती.

परत गिट लॉग --वनलाइन अपस्ट्रीम/मेन..मेन केलं. अकराचे नऊ उरले होते. ‘सुधारणा’ उघडून बघितला तर त्यात आता फक्त फाँटची फाइल आणि ओळींमधलं अंतर होतं, मात्रांची ओळ त्यात नव्हती, ती आता मूळ थीममध्येच होती. त्याचं नाव बदलून ‘देवनागरी फाँट आणि ओळींमधलं अंतर’ केलं आणि साइट परत चढवली.